कोलेस्टायरामीनची पुडी: पित्ताशय काढल्यानंतरच्या ‘ॲलर्जी’वरचं एक बेचव औषध

पित्ताशयाच्या ऑपरेशनला महिना-दोन महिने झाले की काही जणांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. दूध सोसत नाही, अंडं सोसत नाही, जेवण होऊन ताटावरून उठेपर्यंत संडासची घाई लागते. यावरून ‘ॲलर्जी आली’ असा निष्कर्ष निघतो आणि मग दोन वस्तूंवर पैसे खर्च होतात. एक म्हणजे रक्ताच्या थेंबावरून शे-दोनशे पदार्थांचा निकाल देणारं किट, आणि दुसरी पचनाच्या कॅप्सूलची बाटली. कोलेस्टायरामीनच्या पुडीचं नाव बहुतेकांच्या कानावर पडतं ते या दोन्हींचा खर्च होऊन गेल्यावर. या परीक्षणाचा मुख्य विषय तीच आहे.

आपल्या भाषेतल्या एका शब्दाने इथे भलताच घोळ घातलाय. छातीत जळजळलं तरी ‘पित्त झालं’, अंगावर गांधी आल्या तरी ‘पित्त उठलं’, आणि यकृतातून आतड्यात येतो तोही पित्तरसच. प्रत्यक्षात ही तीन निरनिराळी प्रकरणं आहेत. जळजळ होते पोटातल्या आम्लाने. गांधी हे बहुतेक वेळा ॲलर्जीचं किंवा तिच्यासारख्या प्रतिक्रियेचं लक्षण असतं. ही पुडी फक्त तिसऱ्या पित्तावर चालते, म्हणजे पित्तरसातून आतड्यात येणाऱ्या आम्लांवर, पित्ताम्लांवर. पहिल्या दोघांसाठी ती घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

यकृत दिवसाला साधारण ६०० ते १००० मिलि पित्तरस तयार करतं. पित्ताशयात त्यातला जेमतेम ३० ते ५० मिलि घट्ट होऊन साठतो. पित्ताशय गेलं म्हणून पित्तरस कमी पडत नाही. साठवायची वाटी गेलेली असते, नळ चालूच असतो. आतड्यात आलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला परत शोषली जातात आणि यकृताकडे जातात. अशा त्यांच्या दिवसभरात अनेक फेऱ्या होतात. ऑपरेशननंतर धार सतत लागलेली असल्याने फेऱ्या वाढतात आणि शोषणातून सुटलेली जास्त पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे ती आतड्याला पाणी सोडायला लावतात आणि त्याची हालचाल वाढवतात. म्हणून शौचाला पातळ, पिवळसर-हिरवट होतं, घाई आवरत नाही आणि गुदद्वाराशी आग होते. जेवणाने आतडं हलायला लागतं, त्यामुळे हे सगळं खाल्ल्यावरच घडतं आणि त्या वेळी ताटात जे असेल त्याच्यावर आळ येतो.

कोलेस्टायरामीन म्हणजे न विरघळणारं, न शोषलं जाणारं राळेसारखं चूर्ण. त्याच्या कणांवर क्लोराइड असतं. ते सोडून कण पित्ताम्लांना धरून ठेवतात आणि शौचावाटे घेऊन जातात. रक्तात ते जातच नाही. मुळात ते कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी वापरात आलं, त्यामुळे खोक्यातल्या माहितीपत्रकावर जुलाबांचा उल्लेख नसेल तर दचकू नये. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध आहे, आणि तसंच असलेलं बरं. कारण पुढे येईलच.

पुडीत औषध ४ ग्रॅम असतं, पण पुडी त्याहून जड लागते. साखर असलेल्या प्रकारात ९ ग्रॅमच्या पुडीत उरलेला बराचसा भाग साखरेचाच असतो. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा प्रकार मागावा. त्यात ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा असल्यास तो फिनाइलकीटोनुरिया (चयापचयाचा एक जन्मजात आजार) असलेल्यांनी घ्यायचा नाही.

घोळवण्याची कृती साधी आहे, पण चुका होतात त्या इथेच. आधी पेल्यात १५० मिलि पाणी किंवा फळांचा गाळलेला रस घ्यावा. त्यावर चूर्ण भुरभुरावं आणि एक-दोन मिनिटं हात न लावता भिजू द्यावं. मग ढवळावं. आधी चूर्ण टाकून वर पाणी ओतलं तर तळाशी गोळे बसतात आणि ते काही केल्या फुटत नाहीत. सोडा किंवा फसफसणारं पेय घेतलं तर फेस पेल्याबाहेर येतो. नीट झालेलं मिश्रण धुरकट, बारीक वाळू मिसळल्यासारखं दिसतं. विरघळण्याची वाट बघू नये, ते विरघळत नाही. रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवलं तर कण फुगून मऊ होतात आणि रेतीचा भास बराच कमी होतो. पिताना मात्र घोळत बसायचं नाही, घटाघट प्यायचं. तोंडात रेंगाळलं तर दातांच्या आवरणाला इजा होते, रंगही बदलतो. पेल्याला चिकटून राहिलेलं पाणी घालून हलवून प्यावं, नाहीतर मात्रेचा बराच भाग पेल्यातच राहतो. कोरडं चूर्ण तोंडात कधीच टाकू नये. ते श्वासात जाऊ शकतं किंवा घशात अडकू शकतं.

चवीला दहापैकी दोन. संत्र्याचा स्वाद घातलेला असतो, पण संत्रं पिऊन झाल्यावरही वाळू जिभेवर उरते.

मात्रा डॉक्टर ठरवतात. पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावला तर जुलाबांच्या जागी बद्धकोष्ठ आणि फुगलेलं पोट, म्हणून अर्ध्या पुडीने सुरुवात करून तीन-चार दिवसांनी पूर्ण पुडीवर जाणं शहाणपणाचं. दिवसाची वरची मर्यादा २४ ग्रॅम, म्हणजे सहा पुड्या. जुलाबांसाठी बऱ्याच जणांचं त्याच्या बरंच आत भागतं. वेळेचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मुख्य घाई जेवणानंतर असेल तर पुडी त्या जेवणाबरोबर. सकाळी उठल्याउठल्या धाव असेल तर रात्री झोपताना, कारण वाटी नसल्यामुळे रात्रभर पित्तरस आतड्यात झिरपत असतो.

या औषधाचा सर्वांत मोठा दोष असा की ते पित्ताम्लांबरोबर इतर गोळ्याही धरून ठेवतं. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ करणारी वॉर्फरिन, हृदयाची डिगॉक्सिन, थायझाइड जातीची लघवी वाढवणारी औषधं, संततिनियमनाच्या गोळ्या, सगळी या यादीत येतात. नियम असा: बाकीच्या गोळ्या पुडीच्या किमान १ तास आधी किंवा ४ ते ६ तास नंतर. ज्यांना दिवसात चार वेळा गोळ्या आहेत त्यांच्यासाठी हे वेळापत्रक जमवणं म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल लावणं. दीर्घकाळ घ्यायचं असेल तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं आणि फोलिक आम्ल यांच्यावर लक्ष हवं. रक्तातली ट्रायग्लिसराइड जातीची चरबी वाढू शकते, तेव्हा ती आधीच जास्त असेल तर हे औषध विचारपूर्वकच. पित्तनलिका पूर्ण बंद असेल तर ते चालतच नाही.

चूर्ण घशाखाली उतरतच नसेल तर कोलेसेवेलामच्या गोळ्या आहेत, एकेक ६२५ मिग्रॅची. काम तेच, पोटाला त्रास कमी, पण गोळ्या मोठ्या आणि एकावेळी अनेक घ्याव्या लागतात. सौम्य त्रासासाठी इसबगोल करून बघायला हरकत नाही. ३ ते ५ ग्रॅम, मोठा पेलाभर पाण्यात, ताबडतोब प्यायचं. ते पाणी धरतं आणि मल बांधतं. गंमत अशी, की ज्या इसबगोलाकडे निरुपद्रवी म्हणून बघितलं जातं त्याच्या धुळीने खरीखुरी ॲलर्जी होऊ शकते, अगदी जिवावर बेतणारीसुद्धा. डबा उघडताना शिंका आणि धाप लागत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

आता त्या किटकडे. बोटाच्या थेंबावर पदार्थनिहाय आयजीजी (रक्तातली एका जातीची प्रतिपिंडं) मोजणारी ही चाचणी ॲलर्जी दाखवत नाही. आयजीजी, विशेषतः आयजीजी-४, सांगतं ते इतकंच की हा पदार्थ तुम्ही खाता आणि शरीराला तो ओळखीचा आहे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली आणि कॅनडाच्या संघटनेने २०१२ साली ही चाचणी निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. आयजीजी खाण्यातल्या पदार्थांचंच बनत असल्याने अहवालात लाल रंगात येतात ते बहुधा रोजच्या खाण्यातले पदार्थ: दूध, अंडं, गहू. ते बंद केले की कधीकधी बरं वाटतं, आणि किटला श्रेय जातं. खरं तर दूध-अंडं-तळण सुटल्याने खाण्यातली चरबी घटलेली असते. तारे द्यायचेच तर शून्य.

खरी ॲलर्जी आयजीई या वेगळ्या प्रतिपिंडाची. ती बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत कळते: गांधी, ओठ-जीभ सुजणं, उलटी, घसा आवळणं, धाप. अशा वेळी पुडी नाही, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आणि दवाखाना.

दूध सोसत नाही म्हणजे नेमकं काय सोसत नाही, हे घरच्या घरी तपासता येतं. मात्र दुधाने कधी गांधी, सूज किंवा धाप झाली असेल तर हे करू नये. सकाळी रिकाम्या पोटी २५० मिलि साय पूर्ण काढलेलं दूध प्यावं. त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, साधारण १२ ग्रॅम, चरबी नावापुरती. चार तास दुसरं काही न खाता वेळ आणि लक्षणं लिहून ठेवावीत. दोन दिवस जाऊ द्यावेत. मग एरवी निर्धास्त खाता येणाऱ्या पावावर २० ग्रॅम लोणी. त्यात चरबी १६ ग्रॅमच्या आसपास, लॅक्टोज जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवशी गुडगुड, गॅस, पातळ झालं आणि दुसऱ्या वेळी नाही, तर संशय लॅक्टोजवर. उलट झालं तर चरबी आणि पित्ताम्लं. त्या दिवसांत पुडी घेऊ नये, नाहीतर दोन्हींचा निकाल पुसट येतो. लॅक्टोजचा संशय पक्का करायला श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी आहे. पित्ताम्लांसाठी काही देशांत सेहकॅट तपासणी होते, तिच्यात खूण केलेलं पित्ताम्ल गिळायला देतात; सात दिवसांनी त्यातलं शरीरात १५ टक्क्यांहून कमी उरलं तर पित्ताम्लं वाया जात आहेत असं धरतात. ती नसेल तिथे पुडी देऊन बघणं हीच चाचणी.

पचनाच्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा बैलाचं पित्त असतं. जिथे पित्ताम्लं आधीच जास्त सांडताहेत तिथे आणखी ओतायची, हा उपाय की आगीत तेल? जुलाब असतील तर घेऊ नये. पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल स्वादुपिंड कमी पडत असेल तरच, आणि तो डुकराचा अर्क असतो. गोचिडीच्या चाव्यानंतर येणारी अल्फा-गॅल ॲलर्जी असलेल्यांनी दोन्हींपासून जपून राहावं. तिच्यात मांस खाल्ल्यावर काही तासांनी, कधी मध्यरात्री, गांधी उठतात, आणि काहींना कॅप्सूलचं जिलेटिनही चालत नाही.

कावीळ, गडद लघवी, पांढुरका मल, थंडी-तापासह पोटदुखी, मलातून रक्त किंवा उतरणारं वजन दिसलं तर पुडी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. नलिकेत खडा राहिलेला असू शकतो.

पुडीला एकूण गुण विचाराल तर दहापैकी सात, पण लक्षणं पातळ जुलाब-घाईची असतील तरच. आम्लाच्या ढेकरांना आणि नुसत्या गॅसला शून्य. पहिल्यांदा लहान पाकीटच घ्यावं. नीट मात्रेत, नीट वेळेला घेऊन दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर दुसरं पाकीट न घेता मलातलं इलास्टेज (स्वादुपिंड कमी पडतंय का ते दाखवणारं) आणि सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्यावी. ती होईपर्यंत गहू बंद करू नये. बंद असेल तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.