जुना एसी बदलताय? एक टन की दीड, ३ स्टार की ५, आमच्या दोन घरांचा हिशोब

आमच्या नागपूरच्या घरातला बेडरूमचा एसी यंदा बदलला, चौदा वर्षांचा झाला होता, दीड टनी, साधा म्हणजे इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) नसलेला. त्याच महिन्यात ठाण्याला ताईकडेही तसाच जुना दीड टनी काढायचा होता, तिचीही बेडरूम १२ बाय १२ च. दुकानात दोघींनाही पहिला प्रश्न एकच, आधी किती टनाचा होता? दीड होता ना, मग दीडच घ्या. शेवटी आमच्याकडे दीड टन ३ स्टार आला आणि ताईकडे एक टन ५ स्टार, आणि दोन्ही अगदी बरोबर बसले. कसं ठरवलं ते नीट लिहितेय कारण एकदा चुकीचा एसी भिंतीवर चढला की पुढची दहा वर्षं तोच असतो.

आधी टनाचं. हे वजन नाही, खोलीतली उष्णता बाहेर काढायची ताकद. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), वॅटमध्ये साधारण ३,५००, म्हणजे दीड टन झाला ५,२५० च्या आसपास. पण दीड टन म्हणून विकले जाणारे सगळे एसी तेवढे नसतात, स्टारच्या लेबलवर कूलिंग कपॅसिटी वॅटमध्ये छापलेली असते ती वाचा, एखादा ४,७०० चा निघतो, एखादा ५,२०० चा. आणि हा आकडा बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेला असतो, आमच्याकडे मे महिन्यात ४५ असतं, तेव्हा तोच एसी त्याहून कमी थंडावा देतो. म्हणून विदर्भात वॅट जास्त असलेलाच दीड टन बघावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. जुना एसी भंगारात द्यायच्या आधी त्यालाच विचारा. फिल्टर धुवा, कॉइल साफ करून घ्या, गॅस बरोबर आहे का बघून घ्या, मग अगदी कडक उन्हाच्या दिवशी दुपारी २४ वर लावा आणि कॉम्प्रेसर किती वेळ चालतो किती वेळ बंद राहतो ते मोबाइलवर घड्याळ लावून लिहून ठेवा. आमचा दुपारी दोनला लावला तो रात्री अकरापर्यंत एकदाही कट झाला नाही आणि खोली २८ च्या खाली आली नाही. ताईकडे उलटंच, सहा-सात मिनिटांत कट, मग बराच वेळ नुसता पंखा. खोली गार पण चादर दमट लागायची, ताई म्हणायची गारठतं पण चिकचिक जात नाही. कारण ठाण्याच्या दमट हवेत एसीचं बरंच काम पाणी काढायचं असतं, कॉम्प्रेसर सलग चालला तरच कॉइलवर पाणी जमून ड्रेन पाइपने बाहेर जातं, सहा मिनिटांत बंद पडला की ते कॉइलवरचं पाणी परत खोलीतच उडतं. म्हणजे तिला दीड टन जास्त होत होता. इन्व्हर्टर कमी वेगावर चालतो म्हणून हा त्रास कमी होतो हे खरंय, पण त्यालाही खाली जायची मर्यादा असते, म्हणून मोठा घेतला तर काय बिघडतं असं नका समजू.

मग सारख्याच खोलीला आमच्याकडे दीड टन का पुरत नव्हता? स्लॅब. ताई सात मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, वर शेजाऱ्यांचं घर. आमच्या डोक्यावर सरळ गच्ची. मी रात्री दहाला स्टुलावर चढून पंख्याच्या हुकाशेजारी छताला हात लावला, तवा उतरवून थोडा वेळ झाल्यावर जसा लागतो तसं लागलं, सूर्य मावळून तीन तास झाले होते तरी. एसीवाला म्हणाला दोन टन घ्या. दोन टन म्हणजे मशीन महाग, बिल जास्त आणि आमच्या पॉइंटची वायर नि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) बदलायचं काम वेगळंच. त्यापेक्षा आम्ही आधी गच्ची घासून पांढरा उष्णतारोधक कोट मारून घेतला, दोन हात. आठवडाभराने तोच जुना एसी रात्री नऊपासून कट व्हायला लागला. तेव्हा दोन टनाचा विषय संपला. वरच्या मजल्यावर राहत असाल तर कृपा करून आधी गच्चीचं आणि पश्चिमेच्या खिडकीचं बघा, टन नंतर ठरवा.

स्टारचं. ५ स्टार कायम चांगला असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही, तुम्ही वर्षाला किती तास चालवता त्यावर आहे सगळं. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते १६०० तासांचे. आम्हाला दाखवलेल्या दीड टनात ३ स्टार आणि ५ स्टारमध्ये साधारण २०० युनिटचा फरक होता आणि किमतीत नऊ हजारांचा. आमच्याकडे कोरड्या उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर छान चालतो, बेडरूमचा एसी फक्त रात्री, वर्षाला ७०० तासच होतात. त्या हिशोबाने ८८ युनिट वाचतात, आमचं ऊन कडक म्हणून दीडपट धरले, १३० झाले, युनिटला १२ रुपये धरले तर दीड हजार. म्हणजे नऊ हजार निघायला सहा वर्षं. ते नऊ हजार मी गच्चीवर घातले आणि मला त्याचं समाधान आहे. ताईकडे मार्च ते जून रोज रात्री, परत सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत, वर मुलगी दुपारी अभ्यासाला बसते, १५०० तास सहज होतात. तिच्या एक टनात १५० युनिटचा फरक आणि किमतीत सहा हजारांचा, साडेतीन वर्षांत वसूल. शिवाय महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने वाढतं, १०० च्या वर, ३०० च्या वर, ५०० च्या वर दर बदलतो, त्यामुळे वाचतं ते युनिट तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. म्हणून दर धरताना बिलाची सरासरी धरू नका, उन्हाळ्यातल्या बिलातला वरचा टप्पा धरा.

जुन्या ५ स्टारची नव्या ५ स्टारशी तुलना करू नका, निकष कडक होत जातात, जुलै २०२२ ला झालेच होते, त्यामुळे स्टारपेक्षा लेबलवरचा आयएसईईआरचा आकडा बघा, म्हणजे हंगामभरात खाल्लेल्या विजेच्या मानाने किती थंडावा मिळतो तो, जास्त तेवढा चांगला. विंडो एसीचे निकष तर वेगळेच आणि सोपे आहेत, विंडोचा ५ स्टार आणि स्प्लिटचा ५ स्टार एक नाही. भाड्याचं घर असेल, सारखं हलवायचं असेल तर विंडो ठीक, नाहीतर स्प्लिटच. आणि किमतीचे जुने आकडे धरू नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

कूलर आणि एसी एकाच खोलीत कधीच लावू नका, कूलर पाणी घालतो आणि एसी तेच काढत बसतो.

राहिलं फिटिंग. जुना एसी आर-२२ गॅसचा असेल तर त्याचा तांब्याचा पाइप नव्या आर-३२ गॅसच्या एसीला लावायला देऊ नका, आत जुनं तेल असतं आणि नव्या गॅसचं प्रेशर बरंच जास्त. तीन वर्षांपूर्वी आमच्या दुसऱ्या खोलीत एसी बसवायला आलेल्या मुलाने जुनाच पाइप जोडला, वर व्हॅक्यूम न करता, म्हणजे पंपाने पाइपातली हवा ओढून न घेता, मशीनमधलाच थोडा गॅस सोडून ती हवा बाहेर ढकलली, तेव्हा मला कळलं नाही, पहिल्याच मेमध्ये कूलिंग गेलं आणि जोड उघडला तर तिथे तेलाचा डाग. आर-३२ थोडा ज्वलनशील असतो, तो असा खोलीत सोडणं धोक्याचंही आहे. यंदा दोन्ही घरी बुकिंगच्या फोनवरच विचारलं, नवीन पाइप किती फुटांपर्यंत फुकट, पुढे फुटाला किती, आणि व्हॅक्यूम पंप सोबत आणणार का. ताईकडे पहिल्या दिवशी माणूस पंपाशिवाय आला, भाऊजींनी चहा दिला आणि काम दुसऱ्या दिवशी करू म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पंप आला, वीस मिनिटं चालला, मगच व्हॉल्व्ह उघडू दिला.