नौपाड्यातील मानवी हक्कांच्या इतिहासाचा अभ्यासवर्ग

ठाण्यात नौपाड्यातील एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी सायंकाळी भरणाऱ्या या अभ्यासवर्गाची एक तुकडी नुकतीच संपली. कायद्याचे शिक्षण न घेतलेल्या, पण विषय मुळापासून समजून घेऊ इच्छिणाऱ्या कोणालाही मी हा वर्ग निःसंकोच सुचवेन. त्यातील उणिवांविषयी मात्र पुढे लिहिले आहे.

प्रारंभ अपेक्षेप्रमाणे इंग्लंडमधील १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेपासून होतो. परंतु ती सनद राजा जॉन आणि त्याचे सरदार यांच्यातील तडजोड होती व भूदासांच्या पदरात तिच्यातून फारसे काही पडले नाही, हे शिक्षक पहिल्याच तासाला स्पष्ट करतात. मानवाच्या व नागरिकांच्या हक्कांविषयीच्या १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यालाही ते हीच कसोटी लावतात. १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूज यांना दोनच वर्षांनी गिलोटिनवर चढवले गेले, आणि फ्रान्सच्याच वसाहतीतील गुलामांना लढून १८०४ मध्ये हैती हे राष्ट्र उभे करावे लागले. हक्क कोणाला नाकारले गेले, त्या बाजूने इतिहास वाचण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटली.

सर्वांत उत्तम तास महाडचा. शिक्षकांनी फळ्यावर खडूने एकाखाली एक तारखा लिहिल्या: १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा, सी. के. बोले यांनी मांडलेला मुंबई विधिमंडळाचा ठराव, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेचा ठराव, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्यावर प्रत्यक्ष घेतलेले पाणी, त्याच वर्षी नगरपालिकेने मागे घेतलेला ठराव, मग दिवाणी दावा आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल. तळ्यावर स्पृश्यांचीच पूर्वापार वहिवाट असल्याचा दावा न्यायालयात सिद्ध झाला नाही. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांच्यात किती वर्षांचे अंतर असू शकते, हे त्या फळ्याकडे पाहताना जेवढे उमगले तेवढे मला आजवरच्या वाचनातून उमगले नव्हते. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी स्वतः १७८९ चा जाहीरनामा काढणाऱ्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला होता. त्यामुळे आधीचे तास आणि हा तास आपोआप जोडले जातात.

याच कारणास्तव जोतीराव फुले यांचा अनुल्लेख खटकतो. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेथील लोकांना १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण करणाऱ्या जोतीरावांवाचून महाराष्ट्रातील ही मांडणी अपुरी राहते.

दुसरी उणीव वेळेच्या वाटणीची आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झालेला संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा, आणि तटस्थ राहिलेल्या ८ देशांची कारणे, यांवर सविस्तर चर्चा झाली. पण नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांविषयीचे १९६६ चे दोन आंतरराष्ट्रीय करार, भारताने १९७९ मध्ये त्यांना दिलेली मान्यता आणि १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा हे सारे अखेरच्या अर्ध्या तासात उरकण्यात आले. हक्कभंगाच्या घटनेला एक वर्ष उलटल्यावर या कायद्याखालील मानवी हक्क आयोगाला त्या प्रकरणाची चौकशी करता येत नाही, ही नागरिकाच्या थेट उपयोगाची तरतूद तर मला प्रश्न विचारल्यावरच कळली.

शुल्क माफक आहे, मराठी टिपणांच्या झेरॉक्स प्रती त्यातच मिळतात, आणि वाशी-ऐरोलीहून येणाऱ्यांनाही ठाणे स्थानकावरून चालत जाता येते. पुढील तुकडीत १९६६ नंतरच्या काळासाठी एक पूर्ण शनिवार राखून ठेवावा, असे मी संयोजकांना लेखी कळवले आहे.