जेटच्या आकाराचं रॉकेट: पॅराशूट की ग्लायडर?

फायटर जेटसारखं मॉडेल रॉकेट वर जातं कसं यापेक्षा खाली येतं कसं, हा मोठा प्रश्न.

पॅराशूटवाल्यात नाकात वजन भरलं की अर्धं काम झालं. पुढपर्यंत आलेले पंख दाबमध्य (हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू) पुढे ओढतात, म्हणून गुरुत्वमध्य (मॉडेल जिथे तोलून राहतं तो बिंदू) त्याच्याही पुढे, निदान रॉकेटच्या नळीच्या एका व्यासाइतका हवा. गुरुत्वमध्याशी दोरी बांधून मॉडेल गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं तर ठीक. वजनदार मॉडेलला 'सी६-५' या रॉकेट मोटरपेक्षा 'सी६-३' बरी. शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट फेकेपर्यंतचे सेकंद. पाच सेकंदांत जड जेट नाक खाली करून सुटलेलं असतं. उतरताना शेपटीचे पातळ पंख मोडतात, ते गृहीतच धरा.

ग्लायडरमध्ये मात्र तेच नाकातलं वजन नडतं. चढताना हवं, तरंगताना नको. उपाय म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा दोऱ्याने सपाट धरायच्या. वर गेल्यावर मोटरच्या त्याच, पॅराशूट फेकणाऱ्या स्फोटात दोरा जळला की रबरबँड त्या वर उचलतो. झडप किंचित कमी उचलली तर ग्लायडर खाली सूर मारतं, जास्त उचलली तर गटांगळ्या खातं. हाताने फेकून फेकून जुळवावं लागतं.

दिसायला ग्लायडरच देखणा, पण पहिलं जेट पॅराशूटचंच करा.