स्कुबाचा कोर्स: हॅवलॉकला की को ताओला?

तारकर्लीला स्कुबा करून आलेल्या एखाद्याला पाण्याची चटक लागते आणि मग त्या दहा-पंधरा मिनिटांवर भागत नाही. तिथे मागून सिलिंडर धरून कुणीतरी तुम्हाला फिरवत असतो. स्वतःचं स्वतः फिरायचं असेल तर 'ओपन वॉटर' कोर्स करावा लागतो. तीन-चार दिवस, समुद्रात चार डाइव्ह, आणि १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा देणारं कार्ड, जे जगभर चालतं. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या, हात राखून खर्च करणाऱ्या माणसापुढे दोन नावं हमखास येतात: अंदमानातलं हॅवलॉक (२०१८ पासून कागदोपत्री स्वराज द्वीप) आणि थायलंडच्या आखातातलं को ताओ. लक्षद्वीपचं पाणी देखणं आहे, पण परमिट आणि पॅकेजमध्येच बजेट बुडतं.

"को ताओ स्वस्त" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. हॅवलॉकला कोर्सची फी साधारण २५ ते ३० हजार रुपये. को ताओला ९ ते ११ हजार बाट, आणि बाट पावणेतीन रुपयांच्या आसपास धरला तर रक्कम तिथेच येते. फरक एवढाच की को ताओच्या बऱ्याच शाळा कोर्सच्या दिवसांत डॉर्ममधली खाट फुकट देतात. पण तिथे पोचायचं म्हणजे मुंबई-बँकॉक विमान, मग बस किंवा रात्रीची रेल्वे पकडून चुम्फोन, आणि तिथून दीड-दोन तासांची बोट. हॅवलॉकला पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजय पुरम) सावरकर विमानतळावर उतरायचं आणि बोट पकडायची. खाजगी बोट दीड तासात नेते. सरकारी बोट अडीच तास घेते, पण तिकीट बरंच स्वस्त. खाणंपिणं धरून आठवड्याची बेरीज दोन्हीकडे ६०-६५ हजारांच्या घरात जाते. तेव्हा नुसता कोर्स करून परतणार असाल, तर पैशांवरून भांडण्यात अर्थ नाही.

खरा फरक कोर्सनंतर पडतो. हॅवलॉकला पुढची प्रत्येक डाइव्ह साडेतीन-चार हजारांना पडते, को ताओला अडीच हजारांच्या आगेमागे. पाच-सहा डाइव्ह जास्त करायच्या असतील, किंवा लगेच 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पुढच्या कोर्सलाही बसायचं असेल, तर को ताओ सरळ पुढे जातं. जेमतेम २१ चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर डझनावारी शाळा एकमेकींशी दरात स्पर्धा करतात, त्याचा हा फायदा.

पण माझं विचाराल तर पैशांआधी सुट्टीचा महिना बघा. या दोन बेटांचे पावसाळे वेगळे आहेत. हॅवलॉकला मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस. समुद्र खवळलेला असतो, बोटी रद्द होतात. को ताओ थायलंडच्या पूर्वेकडच्या आखातात आहे, त्याला ऑक्टोबर ते डिसेंबरचे ईशान्य वारे झोडपतात, नोव्हेंबर तर सगळ्यात वाईट. म्हणून गणपतीच्या सुट्टीला जोडून जायचं असेल तर को ताओ, आणि दिवाळीनंतर हॅवलॉक. तेही बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अंदाज घेऊन आणि एक दिवस हाताशी मोकळा ठेवून. हॅवलॉकचं पाणी डिसेंबर ते एप्रिल सगळ्यात भरवशाचं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही चालतात, पण अंदमानची विमानं एलटीसीवाल्यांनी (प्रवास सवलत घेणाऱ्या सरकारी नोकरांनी) आणि शाळांच्या सुट्ट्यांनी भरलेली असतात, तिकिटं आधी काढा. को ताओला मार्च ते मे व्हेल शार्क दिसण्याची शक्यता बरी असते. शक्यताच म्हणतोय, हमी कुणी देत असेल तर दुसरी शाळा बघा.

पाण्याखालचं बघायचं तर माझं मत हॅवलॉकच्या बाजूने आहे. डिक्सन्स पिनॅकलसारख्या पाण्याखालच्या सुळक्यांवर स्नॅपर माशांचे थवे अंगावरून जातात आणि आसपास तुमच्याशिवाय एखादाच गट असतो. को ताओच्या जॅपनीज गार्डन्स किंवा ट्विन्सवर सीझनमध्ये इतक्या बोटी लागतात की आपला इन्स्ट्रक्टर फिन्सच्या रंगावरून ओळखावा लागतो. अनुभवी डायव्हरला तिथे चुम्फोन पिनॅकल आणि सेल रॉक आहेत, पण पहिल्या चार डाइव्हमध्ये त्यांचा संबंध फारसा येत नाही. शिकण्याच्या सोयीत मात्र को ताओचा हात धरणं कठीण. दुमजली मोठी बोट, वर बिस्किटं-कॉफी, खाली ऐसपैस फळी, तिथून एक मोठं पाऊल टाकलं की पाण्यात. हॅवलॉकला अनेकदा लाकडी डुंगीच्या काठावर बसून पाठीवर उलटं पडायचं असतं. पहिल्या दिवशी पोटात गोळा येतोच.

भाषेचा मुद्दा लोक हलक्यात घेतात. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून ते नाकाने बाहेर काढायचं असतं. नेमकं तिथेच बरेच जण घाबरतात. "नाकातून फुंक, तोंडाने घे, घाई नको" हे हिंदीत, नशीब चांगलं असेल तर मराठीत, सांगणारा माणूस हॅवलॉकला भेटतो. इंग्रजीत सूचना ऐकताना गोंधळ होत असेल, किंवा सोबत आई-बाबा किंवा दहा-बारा वर्षांचं पोर शिकणार असेल, तर मी दुसरा विचार करणार नाही, हॅवलॉकच.

खाण्याचं थोडक्यात: हॅवलॉकच्या बाजारात बंगाली पद्धतीची मासळी-भात थाळी आणि डाळ-भात दोन्ही मिळतं. को ताओला शाकाहारी माणसाचे हाल होतात, कारण भाजीतही फिश सॉस असतो. 'जे' (थाई भाषेत शुद्ध शाकाहारी) म्हणून सांगितलं की तो टळतो. तिथे स्कूटर घेताना मूळ पासपोर्ट तारण ठेवू नका, रस्ते खड्या चढाचे आहेत आणि जुन्या ओरखड्यांचे पैसे मागण्याची खोड काहींना असते. गाडीचे फोटो आधी काढून ठेवा. थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापले जातात, तेव्हा रोख एकदाच काढा.

कुठेही गेलात तरी दम्याचा, कानाचा किंवा हृदयाचा काही इतिहास असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट इथूनच घेऊन जा, नाहीतर पहिला दिवस क्लिनिकमध्ये जाईल. प्रवास विमा घेताना स्कुबा त्यात बसतो का ते वाचा, बहुतेकदा बसत नाही. आणि शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमानात बसायचं नाही. को ताओहून बोट आणि बसने बँकॉक गाठेपर्यंत यातला बराच वेळ आपोआप निघून जातो. हॅवलॉकहून मुक्काम पोर्ट ब्लेअरला हलवा आणि त्या बिनडाइव्हच्या दिवशी सेल्युलर जेल बघा, तसंही ते राहून जाता कामा नये. फक्त सोमवार असेल तर जेल उघडं आहे का ते आधी विचारून घ्या.