फोक्सवॅगन बीटलचं १/२४ मॉडेल: तेरा महिने, तीन वेळा रंग

खोका उघडल्यावर आधी पट्टी काढली आणि चेसिसवर पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर मोजलं. खऱ्या बीटलचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर. त्याला चोविसाने भागलं की बरोबर १०० येतात, आणि पट्टीवरही १० सेंटिमीटरच आले. तिथेच सुटे भाग जोडून करायच्या या किटवर माझा विश्वास बसला. किटबद्दल तो आजही तसाच आहे. रंग मात्र मला तीन वेळा द्यावा लागला, म्हणून हा अनुभव निम्म्याहून जास्त रंगाचाच आहे.

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारातली. नोकरी एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत. माझ्या मामाचं मकरपुऱ्याला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. हात थरथरायला लागला तेव्हा त्याने ते बंद केलं. त्याच्याकडे एका डॉक्टरांची निळी बीटल रंगाला यायची. तिच्या छपराच्या गोलाईवरून पॉलिशचं फडकं कुठेही न अडता कसं फिरायचं, हे तो अजून हाताने दाखवतो. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये '२१ गन सॅल्यूट'चं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. लोक गाड्यांसमोर उभे राहून फोटो काढत होते. मामा प्रत्येक गाडीशेजारी वाकून, एक डोळा मिटून, पत्र्यावरून आडवी नजर टाकत होता. "समोरून सगळेच रंग चांगले दिसतात गं. आडवं बघ, मग कळतं." मॉडेल करायचं तर बीटलच, हे त्याच दिवशी ठरलं. खोका घरी यायला मात्र पुढे बराच काळ गेला.

किट तामियाचं आहे. जपानमधल्या शिझुओकाची ही कंपनी. गाडी १९६६ सालची १३०० बीटल. या मॉडेलमध्ये १२८५ सीसीचं, मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं इंजिन होतं. ही जुनी बीटल मेक्सिकोत २००३ च्या जुलैपर्यंत बनत राहिली आणि एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या वर गेला. मला किट साधारण २८०० रुपयांना पडलं. रंग, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारी छोटी गन), छोटा कॉम्प्रेसर, मास्क आणि पॉलिशचं सामान धरलं तर त्याच्या तिप्पट खर्च वर झाला. नुसती खोक्याची किंमत बघून बजेट ठरवणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

जोडणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ती सुरळीत झाली. भाग एकमेकांत बसतात, सूचनापत्रातली चित्रं स्पष्ट आहेत, क्रम चुकत नाही. भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांडीला जोडलेले येतात, त्या फांदीवरून ते पिरगाळून तोडू नका, चांगला निपर (बारीक कटर) घ्या. आधी थोडं लांबून कापा, मग उरलेला बारीकसा तुकडा जवळून. सगळे भाग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्यातून सुटताना लागलेला तेलकटपणा राहिला, तर रंग तिथे धरत नाही.

गोंदाबद्दल मात्र सांगायला हवं. प्लॅस्टिक मॉडेलचा पातळ सिमेंट म्हणजे आपला नेहमीचा गोंद नव्हे. तो पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर एकच तुकडा उरतो. लोखंडाला वेल्डिंग करतात, तसं. दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त फटीला लावायचं. द्रव आपणच आत ओढला जातो. पण फटीवर बोट असेल, तर तो बोटाखालीही जातो. माझ्या अंगठ्याचा ठसा असाच दाराखालच्या पट्टीवर उमटला, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. लगेच पुसू नका, पसरतो. आठवडाभर तसाच ठेवला, पूर्ण कडक होऊ दिला, मग ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने घासला. आता सांगितल्याशिवाय कुणाला सापडत नाही.

काचांना झटपट चिकटणारा गोंद लावू नये. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि काच धुरकटते. माझी मागची छोटी काच त्यात गेली. पुन्हा पॉलिश करून बऱ्यापैकी आणली, पण उन्हात धरली की फरक दिसतो. बाकीच्या काचा फेविकॉलने बसवल्या. टिपका पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो आणि चुकला तर ओल्या कापसाने निघतो.

आता रंग. या तेरा महिन्यांत मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट अशी: मॉडेलमध्ये सगळं चोवीस पटींनी लहान होतं, रंगाचा थर होत नाही. खऱ्या गाडीवर कारखान्यातून आलेला रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. मॉडेलवर प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग आणि वरचा क्लिअर (पारदर्शक थर) मिळून १०० मायक्रॉन सहज होतात. त्याला चोविसाने गुणा. खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड रंग फासल्यासारखं झालं! दाराची फट खऱ्या गाडीत चार-पाच मिलिमीटरची, मॉडेलमध्ये ती एक पंचमांश मिलिमीटर. दोन ओले कोट जास्त पडले की दार दिसेनासं होतं, तिथे नुसती पन्हाळी उरते. म्हणून प्रायमरच्या आधीच बॉनेट, दारं आणि मागचं झाकण यांच्या खाचा सुरीच्या पाठीने हलकेच खोल करून घ्या. मी हे तिसऱ्या वेळी केलं आणि सगळी गाडीच बदलली.

धुळीचा कणही लहान होत नाही. मॉडेलच्या छपरावर बसलेला कण खऱ्या गाडीवर हरभऱ्याएवढा भासेल. मामाचा उपाय सोपा होता. "अगं, आधी जमिनीवर पाणी मार. धूळ बसू दे, मग गन हातात घे." गॅरेजमध्ये तो हे रोज करायचा. मी गच्चीवरच्या खोलीत फरशी ओली करते, पंखा बंद ठेवते, वीस मिनिटं थांबते आणि रंग मारून होताच बॉडीवर मोठा प्लॅस्टिकचा डबा उपडा घालते.

पहिला प्रयत्न एप्रिलमध्ये केला. गच्चीवर चाळिसाच्या वर पारा. रंग लॅकरचा, म्हणजे झटपट वाळणारा, दुधाइतका पातळ केलेला, ०.३ मिलिमीटरचा नोझल, दाब २० पीएसआयच्या आसपास. यात काही चूक नव्हती. पण त्या उन्हाळ्यात रंगाचे थेंब बॉडीपर्यंत पोहोचायच्या आतच अर्धे वाळत होते. वर जे बसलं ते बारीक वाळूसारखं खरखरीत. घासून बघितलं, तर कडांवर प्लॅस्टिक उघडं पडलं. शेवटी बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली आणि जुन्या टूथब्रशने सगळा रंग उतरवला. हे रसायन पॉलिस्टायरिनला धक्का लावत नाही. बाजारातलं एनसी थिनर त्यासाठी कधीही वापरू नका, रंगाबरोबर गाडीही विरघळेल.

दुसरा प्रयत्न जुलैत. पाऊस दोन दिवस थांबला होता, म्हणून धाडस केलं. निळा रंग सुरेख बसला आणि डोळ्यांदेखत त्यावर पांढरी साय आली. लॅकरमधला द्रव झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर दव होऊन बसते. हे मी प्रयोगशाळेत रोज बघत असलेलं तत्त्व, पण हातात एअरब्रश असताना आठवलं नाही, याचं फार वाईट वाटलं. मामाला फोन केला. तो म्हणाला, "पांढरा पडला ना? पावसात ड्युको मारायचा तर आम्ही थिनरमध्ये रिटार्डर घालायचो, म्हणजे सावकाश वाळतो. पण तू कशाला घाई करतेस? गाडी काय उद्या द्यायचीय?" खरंच द्यायची नव्हती. रिटार्डर घालून वरून एक कोट मारला असता तर बहुतेक पांढरेपणा गेला असता. पण तोवर थर इतके झाले होते की खाचा भरल्या होत्या. पुन्हा सगळं उतरवलं आणि खोका कपाटात ठेवून दिला.

वडोदऱ्यात लॅकर मारायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे आता मी ठामपणे सांगते. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, दुपारी अकरा ते दोनमध्ये तापमान पंचविसाच्या वर असतं आणि रंगाला पसरायला हवा तेवढा वेळ मिळतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिसरा रंग दिला. राखाडी प्रायमरचे दोन पातळ कोट, त्यावर १५०० नंबरचा पाण्यातला पेपर. मग पांढऱ्याचा एक कोट, कारण फिक्या निळ्याखाली राखाडी राहिलं की रंग मळकट दिसतो. निळ्याचा पहिला कोट धुक्यासारखा, खालचं पांढरं दिसत राहील इतका. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा आणि शेवटचा जरा ओला. हात बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. बॉडीवर थांबलात तर तिथे ओघळ ठरलेला. एक विनंती: कापडी मास्क लावून लॅकर मारू नका. सेंद्रिय बाष्प शोषणारी डबी असलेला मास्कच हवा आणि खिडकी उघडी हवी. तो खर्च मी सगळ्यात आधी केला आणि सगळ्यांना आधी तोच करायला सांगते.

क्लिअरनंतर थांबायचं किती? मी नाकावर विश्वास ठेवला. बॉडी नाकाशी धरली आणि वास आला, तर आतला द्रव अजून निघतो आहे. सतराव्या दिवशी वास गेला, तरी डिसेंबरभर हात लावला नाही. उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दोन दिवसांत सगळं शहर गच्च्यांवर होतं, आमच्या गच्चीवर तर पाय ठेवायला जागा नव्हती. मी खालच्या खोलीत ३००० च्या पेपरने छप्पर घासत बसले होते. वरून "काप्यो छे!"ची आरोळी आली की तेवढी थांबत होते. कडांवर आणि मडगार्डच्या उंचवट्यांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून ठेवली आणि पॉलिश संपल्यावर काढली. त्यानंतर कंपाउंडच्या (पॉलिशच्या पेस्टच्या) तीन पायऱ्या, जाड, बारीक, शेवटचं. दर पायरीला वेगळं फडकं. एकाच फडक्यावर भागवलंत तर आधीचा जाड दाणा नव्या चकाकीवर ओरखडे काढतो.

चार महिने मॉडेल कपाटात आहे. निळ्याची चकाकी तशीच आहे, कुठे बसली नाही, खालचे ओरखडे वर आले नाहीत. बंपर आणि चाकांच्या वाट्या किटमध्येच क्रोमच्या येतात, त्या उत्तम राहिल्या. फांदीवरून कापल्यावर जो डाग उरतो, त्याला क्रोम इंकच्या पेनाचा टिपका लावला. दाराच्या बाजूच्या चमकत्या पट्ट्याही मी त्याच पेनाने काढल्या आणि तिथे मात्र समाधान नाही. सुरुवातीला आरशासारख्या होत्या. दोन-तीनदा हात लागला आणि त्या जस्तासारख्या मंद झाल्या. पुढच्या वेळी पातळ धातूची पन्नी चिकटवून कापेन. वेळ जास्त जातो, पण ती टिकते. टायर मऊ आहेत, दिसायला फार खरे. असे टायर रंगवलेल्या पृष्ठभागावर महिनोन्महिने उभे राहिले की डाग पाडतात, म्हणून खाली काचेची पट्टी ठेवली आहे. मॉडेल खिडकीपासून लांब ठेवा, आणि मे महिन्यात उभ्या केलेल्या मोटारीत तर विसरूनही ठेवू नका. पॉलिस्टायरिन तिथे वाकतं.

पहिल्यांदाच गाडी करणाऱ्याला हे किट द्यावं का? द्यावं. गोल आकारामुळे रंगातली चूक लगेच दिसते, पण गोल आकारामुळेच पॉलिश करायला सोपी जाते, सपाट बॉनेटच्या मोठ्या गाडीपेक्षा कितीतरी सोपी. मेटॅलिक रंग मात्र पहिल्या गाडीला नको. त्यातली चमकीसुद्धा चोवीस पटींनी लहान होत नाही. लहान बॉडीवर ती अभ्रकाच्या तुकड्यांसारखी दिसते.

गेल्या रविवारी मामा आला होता. कपाट उघडून त्याने गाडी हातात घेतली नाही, काचेच्या पट्टीसकट बाहेर काढली आणि ट्यूबलाइटखाली ठेवली. मग वाकला, एक डोळा मिटला. छपरावर ट्यूबची रेघ सरळ होती, बॉनेटवर वळली ती बॉनेटच्या गोलाईनेच. डाव्या मागच्या मडगार्डपाशी तो थांबला. तिथे रेघ किंचित थरथरत होती, संत्र्याच्या सालीसारखी. "इथे अजून एक हात पाहिजे होता." मला माहीत होतं. त्या उंचवट्यावर क्लिअर पातळ आहे, आणखी घासलं तर निळा निघून पांढरा दिसेल. हे त्याला सांगितलं. त्याने नखाने हलकेच त्या जागेवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "मग राहू दे. हात लावू नकोस."

पुढचं किट आणून ठेवलं आहे, जॅग्वार ई-टाइप. भाग धुऊन झालेत. रंग नोव्हेंबरात.