मरीन टँकचा ऑटो टॉप-ऑफ : दहा महिन्यांनंतर आणि एका गणपतीनंतर

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत (मरीन टँक) आपोआप पाणी भरणाऱ्या या डब्याला तीन स्टार देतोय. मे महिन्यात पाच दिले होते, सप्टेंबरात रागाच्या भरात एकावर आणले, आणि आज डिसेंबरात डोकं शांत असताना तीन. त्यातला एक खरं तर कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा आहे, आणि तो चिमटा कंपनीने दिलेला नाही.

नाव लिहीत नाही, कारण हाच डबा चार वेगवेगळ्या नावांनी मिळतो. काळा चौकोनी सेन्सर, त्याला मागून धरणारं लोहचुंबक, अंगठ्याएवढा पंप, तीन मीटर नळी आणि एक प्लॅस्टिकची क्लिप. ज्यांनी घेतलाय ते ओळखतील. टॉप-ऑफ कशाला लागतो हेही सांगत बसत नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं. ज्यांना हे नवीन आहे त्यांनी अजून मरीनच्या नादाला लागू नये.

माझी टाकी तीन फुटी, खाली कपाटात संप (पाणी जिथून फिरून, गाळून वर जातं ती दुसरी टाकी), दगड-वाळू वजा जाता दोन्ही मिळून साधारण 180 लिटर पाणी. दोन क्लाउन, एक फायरफिश, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), टर्बो गोगलगायी आणि थोडी मऊ पोवळी. (दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्यात बसतात. दुकानदार कितीही "चालतं हो" म्हणाला तरी चालत नाहीत.) डोंबिवली, चौथा मजला, खिडकी पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये संपवर पंखा लावावाच लागतो आणि पंखा लावला की दिवसाला चार लिटर पाणी उडतं. हा डबा येण्याआधी ऑफिसला जाताना तांब्या, आल्यावर तांब्या, झोपताना पुन्हा तांब्या. घरातल्या देवांनाही एवढा अभिषेक होत नव्हता.

फेब्रुवारीत 5,800 रुपयांना घेतला. पहिले तीन महिने माझा जीव त्याच्यावर जडला होता. पातळी दोन-तीन मिलिमीटर उतरली की पंप वीस सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाज पितळी भांड्यात भुंगा अडकावा तसा, पण कपाट बंद असलं की ऐकू येत नाही. सेन्सर प्रकाशावर चालतो, त्यामुळे त्याच्या काचेवर शेवाळ धरू द्यायचं नाही. दर रविवारी व्हिनेगरच्या फडक्याने पुसतो. एकदा गोगलगाय बरोबर त्यावर जाऊन बसली आणि सेन्सरला वाटलं पाणी भरपूर आहे. तेव्हापासून भोवती जाळीचा तुकडा लावलाय. मे महिन्यात तीन रात्री अलिबागला गेलो. जाताना रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) 35, आल्यावर 35. तिथेच टाकीसमोर उभा राहून पाच स्टार टाकले. घाई झाली.

आता गणपती.

27 ऑगस्टची चतुर्थी, गौरी-विसर्जन 2 सप्टेंबरला. आम्ही 24च्या रात्री कुडाळला निघणार आणि 4ला सकाळी परत. घर अकरा दिवस बंद. गाडीची तिकिटं साठ दिवस आधी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसलो तेव्हा मिळाली, आणि टाकीची तयारीही मी त्याच शिस्तीत केली होती असं मला वाटत होतं. दोन आठवडे आधीपासून नवीन काहीही टाकीत सोडलं नाही. पाणी बदललं ते पाच दिवस आधी, म्हणजे काही बिघडलं तर माझ्या डोळ्यांसमोर बिघडेल. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून कपात काढणारं यंत्र) थोडा वर उचलला, कप सावकाश भरावा म्हणून. फायरफिश उडी मारतो, त्यामुळे जाळीच्या झाकणाला एक बोट जाईल एवढीही फट ठेवली नाही. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) इन्व्हर्टरवर घेतला. लाईट गेली तर पंखा आणि दिवे नसले तरी चालतं, पण पाणी हललंच पाहिजे, कारण प्राणवायू त्यातूनच मिसळतो.

खाण्याचं आधी ऑटोफीडरवर सोपवणार होतो. पण ऑगस्टातल्या दमट हवेत, तेही उघड्या खाऱ्या पाण्यावर टांगलेला डबा, तिसऱ्या दिवशी आतल्या दाण्यांचा लाडू झाला. परत केला. मग आईचा गोळ्यांचा आठवड्याचा डबा मागून घेतला, सोमवार-मंगळवारच्या कप्प्यांत चिमूट चिमूट दाणे भरले आणि शेजारच्यांच्या अकरावीतल्या मुलाला किल्लीसकट दिला. तीन कप्पे मुद्दाम रिकामे ठेवले. धडधाकट मासा तीन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही, पण पाहुण्याने दया येऊन ओतलेल्या मूठभर दाण्यांनी सगळी टाकी जाऊ शकते. तरी चौथ्या दिवशी मेसेज आलाच, "काका, आजचा कप्पा रिकामाय. देऊ का थोडं?" नको म्हणालो. पोरगा गुणी आहे, पुढे जे झालं त्यात त्याचा दोष नाही.

पाण्याचा हिशोब मात्र मी घातला. निघण्याआधी आठवडाभर कॅनवर पट्टी चिकटवून रोज खूण केली. पावसाळ्यात हवाच ओली असल्यामुळे पाणी कमी उडतं. दिवसाला अडीच लिटर निघालं. अकरा दिवसांचे साडेसत्तावीस. वर थोडं धरून पस्तीस पुरले असते. पण कॅन 45 लिटरचा होता आणि भरलाच आहे तर पूर्ण भरावा, असं घरातल्या कुठल्याही भांड्याबाबत मला वाटतं तसंच वाटलं. पाणी आमच्या स्वयंपाकघरातल्या आरओचंच. त्यात चवीसाठी मूळ पाणी मिसळणारा स्क्रू असतो, तो बंद करून पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआयचं काडतूस जोडलं की टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य येतो. आधी मीटरवर साठ दाखवायचा. कॅन भरायला चार तास गेले आणि घरच्यांना त्या दिवशी प्यायला बाटल्या आणाव्या लागल्या. कॅन कपाटात मावेना, खाली ठेवला तर फरशी पुसताना सरकतो, म्हणून शेजारी स्टुलावर ठेवला. संपमधल्या पाण्यापेक्षा उंच. ही गोष्ट लक्षात ठेवा.

गौरी यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आमच्याकडे नेटवर्क खळ्याच्या एकाच कोपऱ्यात येतं आणि आत आरती सुरू झाली होती. झांजांमधून एवढंच कळलं : "काका, ते टीं टीं टीं करतंय, लाल लाईटपण आहे."

मी म्हणालो, "अरे, मग स्विच बंद कर ना त्याचा."

टीं टीं थांबलं. मीही आरतीला जाऊन उभा राहिलो.

झालं असं होतं. नळीचं तोंड कॅनमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, हवेत लटकतं राहिलं पाहिजे आणि ते काम त्या क्लिपकडे असतं. क्लिप मधोमध तुटली. नळी पाण्यात पडली. पंप एकदा चालला, सेन्सर म्हणाला बस, पंप थांबला, पण नळी थांबली नाही. कॅन उंचावर, संप खाली, नळी भरलेली आणि तिचं तोंड कॅनमधल्या पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे सायफन. मोटारसायकलमधून पेट्रोल काढतात तेच. वरचा सेन्सरही भिजला म्हणून भोंगा वाजला. म्हणजे यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं. मी स्विच बंद करायला लावून फक्त भोंगा बंद केला. उरलेल्यातलं पंचवीस लिटर पाणी रात्रभर शांतपणे खाली गेलं.

संपमध्ये जागा होती म्हणून घरात पूर आला नाही. खाली राहणाऱ्या काकूंच्या छतासाठी मी रोज देवाचे आभार मानतो. पण पातळी वाढल्यावर स्किमर बेभान झाला आणि आठवडाभर गोळा केलेला काळा रस्सा पुन्हा पाण्यात. 180 लिटरला 35चा खारेपणा, त्यात पंचवीस लिटर गोडं पाणी, म्हणजे 31च्याही खाली. दोन दिवसांनी पोराने फोटो पाठवला, "काका, कोळंबी मेली." मी त्या दिवशी गौरीच्या जेवणाला बसलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

4 तारखेला बॅगा दारात टाकून आधी रिफ्रॅक्टोमीटर काढला. 33ला किंचित कमी. हिशोब केला तेव्हा ट्यूब पेटली. टॉप-ऑफ बंद होता, पाच दिवसांत साडेबारा लिटर पाणी उडालं होतं आणि मीठ जागच्या जागी होतं, म्हणजे टाकी आपली आपणच परत वर येत होती. मग मीही काही केलं नाही. मीठ घातलं नाही, पाणी बदललं नाही, स्किमरचा कप तेवढा धुतला. पुढच्या पाच दिवसांत काटा 35वर. क्लाउन ढिम्म होते, त्यांना जणू काही झालंच नव्हतं. झेनिया (मऊ पोवळ्यातली एक) आक्रसून अर्धी झाली. एक टर्बो गेला आणि त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. आणि ती मेलेली कोळंबी? ती कात होती, पारदर्शक, मिशांसकट. मालकीण दगडाच्या मागे नव्या कवचात बसली होती, जरा तोंड पाडून.

आता क्लिपबद्दल. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा क्लिपचं काय घेऊन बसलात? मी घेऊन बसणार.

कस्टमर केअरला तुटक्या क्लिपचा फोटो पाठवला. उत्तर आलं : डिअर कस्टमर, वॉरंटी एक वर्षाची आहे पण प्लॅस्टिकचे भाग त्यात येत नाहीत. बरं, विकत द्या. सुटी मिळत नाही, पूर्ण अॅक्सेसरी किट घ्यावं लागेल, 899 अधिक कुरिअर 120. किटमध्ये आणखी काय आहे विचारलं तर नळी, जी माझ्याकडे आहे, आणि दोन रबरी बूच, जी मला कशालाच नकोत. मी ती क्लिप स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. चार ग्रॅम. 1,019 रुपयांना चार ग्रॅम म्हणजे त्या आठवड्याच्या चांदीच्या भावापेक्षा जास्त. हे मी त्यांना लिहून पाठवलं. त्यावर अंगठ्याचं चित्र आलं. एक स्टार त्या अंगठ्यामुळे झाला होता.

हे लिहिताना मॅन्युअलमधलं एक वाक्य जसंच्या तसं द्यावं म्हणून ते शोधून काढलं. आठव्या पानावर, चित्राखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत : क्लिप 5 ते 6 मिमी जाडीच्या काचेसाठी. माझ्या संपची काच 8 मिमी आहे. फेब्रुवारीत ती मी अंगठ्याने दाबून, कटकन आवाज येईपर्यंत बसवली होती, आणि वाकलेल्या जागी प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटली होती ती मला आत्ता आठवतेय. सहा महिने तिने तशीच तग धरला. तर एकाचे तीन स्टार या परिच्छेदात झाले. पण तरी म्हणतो, 6 मिमीपेक्षा जाड काचेचे संप आपल्याकडे सर्रास असतात. 8 मिमीला बसेल अशी दुसरी क्लिप डब्यात टाकायला किती खर्च आला असता? आणि नळी पाण्यात पडली तर काय होतं, याचं एक वाक्य पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत का नाही? सेन्सरच्या रंगांची माहिती तीन पानं आहे.

सध्याची व्यवस्था अशी. नळी पिवळ्या चिमट्याने संपच्या काठाला. पहिला चिमटा स्प्रिंगवाला होता, खाऱ्या हवेने तीन आठवड्यांत गंजला आणि लाल थेंब संपच्या काठावर यायला लागले. आता पूर्ण प्लॅस्टिकचा आहे, डझनभर चाळीस रुपयांना, वर एक केबल टाय. शिवाय नळीच्या वळणावर, संपच्या काठाच्या आतल्या बाजूला, तापवलेल्या सुईने एक भोक पाडलंय. पंप चालू असताना त्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडते ती संपमध्येच पडते, आणि कॅनमधलं पाणी त्या भोकापेक्षा खाली असेल तर पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. मी नळीचं तोंड मुद्दाम पाण्यात बुडवून चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा थांबला. अकरा दिवसांच्या प्रवासाआधी हे करायला पाच मिनिटं लागली असती. शेजारच्या पोरालाही शिकवलंय की वाजलं तर स्विचला हात लावायचा नाही, आधी नळी कॅनमधून वर ओढायची.

सेन्सर आणि पंप दहा महिन्यांत एकदाही दगा देऊन गेले नाहीत, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. घ्यायचा तर घ्या, आधी काचेची जाडी मोजा.

शुक्रवारी मामेभावाच्या लग्नाला साताऱ्याला चाललोय, चार दिवस. हिवाळ्यात पाणी तीन लिटर उडतंय. कॅन स्टुलावरून उतरवलाय आणि मापट्याने मोजून त्यात चौदा लिटर घातलंय. बायको म्हणाली, "एवढा मोठा कॅन, आणि अर्धाही नाही भरत?" नाही भरत.