रूपोल्डिंगचा बायथलॉन वर्ल्डकप: एकच दिवस जाणार असाल तर मास स्टार्टचंच तिकीट काढा

म्युनिक किंवा आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी विचारलं की हिवाळ्यात इथे प्रत्यक्ष जाऊन बघावा असा खेळ कोणता, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. रूपोल्डिंगच्या कीमगाउ अरेनात जानेवारीत होणारा बायथलॉनचा (स्कीइंग आणि रायफल शूटिंग एकत्र असलेला खेळ) वर्ल्डकप, आणि त्यातही प्रोग्रॅममध्ये पुरुषांचा मास स्टार्ट असेल तर डोळे झाकून तोच दिवस. दरवर्षी असतोच असं नाही, अख्ख्या सीझनमध्ये मास स्टार्ट चार-पाचच होतात, त्यामुळे आधी कॅलेंडर बघा आणि मगच तिकीट काढा.

मास स्टार्टच का, तर स्प्रिंटमध्ये एकेक जण ३० सेकंदांच्या अंतराने निघतो, समोरून जाणारा पहिला आहे की चाळिसावा हे स्क्रीन बघितल्याशिवाय कळतच नाही, नवीन माणूस कंटाळतो. मास स्टार्टमध्ये ३० जण एकदम सुटतात, जो पुढे दिसतो तो पुढेच असतो. १५ किलोमीटर, पाच लॅप, मध्ये चार वेळा शूटिंग, दोनदा झोपून आणि दोनदा उभं राहून, दर वेळी पाच गोळ्या. एक चुकली की १५० मीटरचा पेनल्टी लूप, म्हणजे वीस-पंचवीस सेकंद गेलेच. शिवाय या ३० जणांत येणं हीच मोठी गोष्ट आहे, वर्ल्डकपमध्ये एकूण रँकिंगमधले पहिले २५ आणि त्या आठवड्यात चांगलं खेळलेले आणखी ५, बाकीच्यांना प्रवेशच नाही, त्यामुळे मैदानात कच्चा लिंबू कुणीच नसतो.

आता जागेबद्दल, कारण पैसे इथेच वसूल होतात किंवा वाया जातात. ट्रॅकच्या कडेची उभं राहायची तिकिटं स्वस्त असतात, वातावरणही मस्त असतं, पण रेसचा निकाल लागतो शूटिंग रेंजवर आणि तो तुम्हाला तिथून दिसत नाही. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील पण स्टेडियमच्या आतलं, रेंजसमोरचं तिकीट घ्या. टार्गेट ५० मीटरवर असतात, झोपून मारायचं वर्तुळ ४५ मिलिमीटरचं आणि उभ्याने मारायचं ११५ चं. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या इव्हेंटमध्ये ब्राँझ जिंकलं तिथेही अंतर ५० मीटरच आणि रायफलही .२२ चीच, तिथलं दहा गुणांचं वर्तुळ तर जेमतेम एक सेंटीमीटरचं. पण तिथे श्वास शांत करायला वेळ मिळतो, आणि इथे माणूस तीन किलोमीटर चढउतार स्कीइंग करून धापा टाकत मॅटवर येतो, पाठीवरची साडेतीन किलोची रायफल काढतो, नळीवरचं बर्फाचं झाकण उघडतो आणि वीस-पंचवीस सेकंदांत पाच गोळ्या संपवून निघूनही जातो. हे टीव्हीवर हजार वेळा बघितलं तरी समोरून बघणं वेगळंच.

प्रत्येक गोळी लागली की काळा गोल पांढरा होतो आणि अख्खं स्टेडियम एका आवाजात ‘हे!’ ओरडतं, चुकली की तेवढ्याच जोरात ‘ओऽऽ’. पहिल्या शूटिंगला रेंजच्या तिसांच्या तीस लेन भरलेल्या असतात, इतके आवाज एकदम येतात की कुणाचं काय झालं पत्ताच लागत नाही, तेव्हा सरळ एकच खेळाडू पकडा आणि त्याच्याकडेच बघा (पहिल्या वेळी बिबचा, म्हणजे छातीवरच्या नंबरपट्टीचा, नंबर तोच लेन नंबर असतो, त्यामुळे शोधायला सोपं). चौथ्या शूटिंगला मात्र पुढचे दोघं-तिघंच एकदम आलेले असतात, तिथे प्रत्येक गोळीला पोटात गोळा येतो.

आणि लवकर पोचा, प्लीज. रेसच्या आधी झिरोइंग चालतं, म्हणजे सगळे कागदी टार्गेटवर गोळ्या मारून रायफलची साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, सेट करतात, मागे कोच दुर्बिणीला डोळा लावून उभे, लेनपाशी लावलेल्या छोट्या झेंड्यांवरून वाऱ्याचा अंदाज घेऊन साइट किती क्लिक, म्हणजे किती खाचा, फिरवायची ते सांगत असतात. मला हा भाग रेसइतकाच आवडतो.

थोडी तयारी करून जा म्हणजे मजा दुप्पट. २०१८ च्या ऑलिंपिकचा मास स्टार्ट शोधून बघा, फ्रान्सचा मार्टिन फोरकाड आणि जर्मनीचा सिमोन शेम्प अगदी बरोबरीने आले, फोरकाडला वाटलं आपण हरलो, आणि फोटो फिनिशमध्ये गोल्ड त्याचं निघालं. २०२२ ला बीजिंगमध्ये नॉर्वेचा योहान्स थिंग्नेस बो चार गोळ्या चुकूनही जिंकला, आणि त्याच माणसाने २०२० च्या अँथोल्झ वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये वीसपैकी वीस मारून जिंकलं होतं. तो आणि त्याचा भाऊ तार्ये, दोघंही मार्च २०२५ मध्ये रिटायर झाले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्यामुळे रेस जास्त खुली झाली. पिवळा बिब म्हणजे एकूण रँकिंगमधला लीडर, लाल म्हणजे मास स्टार्टच्या रँकिंगमधला, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं.

जायचं कसं? म्युनिकहून ट्राउनस्टाइन, तिथे गाडी बदलून रूपोल्डिंग, सगळा रिजनल ट्रेनचा प्रवास त्यामुळे बायर्न तिकीट (बव्हेरियातल्या रिजनल ट्रेनचं दिवसभराचं तिकीट) चालतं, ग्रुप असेल तर एकदम स्वस्तात पडतं. गावातून अरेनाला शटल बस. खायला ब्रॅटवुर्स्ट आणि ग्लूवाइन भरपूर, व्हेज माणसाला ब्रेत्सेल आणि फ्राइजवर दिवस काढावा लागतो, सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या न्या. थंडी पायातून चढते, म्हणून लोकरीचे मोजे तर हवेतच पण पायाखाली टाकायला जाड पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा नेलात तर मला दुवा द्याल.

तक्रार म्हणाल तर पुरुषांची रेस पस्तीस-चाळीस मिनिटांत संपते, लांबून आलेल्याला ते कमी वाटू शकतं. पण बहुतेक वेळा त्याच दिवशी बायकांचाही मास स्टार्ट असतो, साडेबारा किलोमीटरचा, तो अजिबात सोडू नका, कित्येकदा जास्त चुरशीचा होतो. तिकिटं अधिकृत साइटवरूनच घ्या, एका रिसेल साइटने माझ्याकडून जवळपास दुप्पट पैसे घेतले आणि सीट मिळाली खांबामागची. गावातली हॉटेलं त्या आठवड्यात लवकर भरतात, ट्राउनस्टाइनला राहिलात तरी सोयीचं पडतं.